बिनखोडाची झाडे

दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड वाशीमकरांना नवी नाही. माती नाही, पाणी नाही, तरी बाई महिनोन्महिने हिरव्या. वर पानांची टोके उजेडाकडे वळवून घेतात. नर्सरीत मात्र अशा झाडांना आता ‘सक्युलंट’ म्हणतात आणि त्यांच्या पानांच्या घेराला ‘रोझेट’. रोझेट म्हणजे छोटा गुलाब. कोरफडीला गुलाब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शब्द आपल्याकडे आहे की. खोड नसलेल्या झाडाला अमरकोशात स्तंब आणि गुल्म म्हटले आहे. जमिनीलगत एकाच गाभ्यातून चहूबाजूंनी पाने फुटलेली कोरफड त्यात चपखल बसते. आणि यातला गुल्म तर वाशीमच्या नावातच मुरलेला आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच वाशीम. मत्स्याचा मच्छ होतो तसा वत्साचा वच्छ झाला, गुल्म झिजत गेला. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त, म्हणजे 900च्या सुमारास, गाव ‘वच्छोम’ झालेले दिसते. (वैद्यकात गुल्म म्हणजे पोटातला गोळा. त्यावर देतात कुमारी आसव, म्हणजे पुन्हा कोरफडच!)

कुमारी हे कोरफडीचे संस्कृत नाव. हिंदीत घीकुंवार, गुजरातीत कुंवारपाठुं. आपल्या ‘कोर’मध्येही तीच कुंवार दडली असावी आणि ‘फड’ नागाच्या फड्यावरून आला असावा, हा माझा अंदाज. फड्या निवडुंग आठवा.

बांधावरचे घायपातही याच ठेवणीचे. ते मूळचे अमेरिकेतले, नाव मात्र अस्सल मराठी. घात-घाय, पत्र-पात. पण जखमेवर बांधायची पात की जखम करणारी? पानाच्या टोकाची सुई एकदा पोटरीत घुसली की दुसरा अर्थ पटतो. मराठवाड्यात त्यालाच केकताड म्हणतात. त्यात केतकीची, म्हणजे केवड्याची, आठवण असणार, कारण लांब काटेरी पाने दोघांचीही. पान ठेचून निघतो तो वाख, त्याचे दोर वळायचे.

ही झाडे कुंडीत लावायची असतील तर इकडची काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि झाड मुळातून कुजते. निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळा, कुंडीला भोक ठेवा, माती बोटभर आत कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही गाभ्यात नको. कोरफडीचे पान तोडून उभे धरले की पिवळा, कडूजहर चीक ठिबकतो. तो वाळवला की काळाबोळ. घायपाताचा चीक मात्र अंगाला लावून घेऊ नका, खाज सुटते.

बाजूला फुटतात ती पिल्ले. हा शब्द कोणी कोशातून शोधून आणलेला नाही. पिल्लू काढून दोनतीन दिवस सावलीत ठेवा, जखम सुकली की लावा. घायपात आयुष्यात एकदाच फुलते, उंच दांडा काढते आणि वाळून जाते. मागे उरतात ती पिल्लेच.

तुमच्या गावात घायपाताला काय म्हणतात? तालुक्याच्या नावासह पोस्टकार्डावर कळवा.