क्षयाच्या गोळीचं दुसरं घर

मुंबईतल्या घाटकोपर, गोवंडी, मुलुंडमध्ये क्षयाचा लांबलचक उपचार घेतलेल्या घरांत ‘सायक्लोसेरीन’ हे नाव ओळखीचं असतं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरची ही कॅप्सूल. याच औषधाची दुसरी कहाणी मात्र भीतीशी आणि एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मंत्रचळाशी (ओसीडी) जोडलेली आहे.

त्याचा जन्म मातीतला. 1950च्या दशकाच्या मध्यावर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून ते मिळालं. क्षयाच्या जंतूला ते आपली भिंत बांधू देत नाही. पण रोज घेताना काही रुग्णांना उदासी यायची, भास व्हायचे, झटकेही यायचे. औषध मेंदूपर्यंत पोचत होतं. शिकण्यासाठी लागणाऱ्या एनएमडीए या ग्राहीवर ते काम करतं, हे पुढे कळलं.

दुसरा धागा लंडनचा. 1966मध्ये व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवरचा उपचार मांडला. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा, पण नंतर हात धुवायचे नाहीत. यात जुनी भीती पुसली जात नाही. ‘दाराची कडी धरली, हात धुतले नाहीत, तरी काही झालं नाही’ हा नवा धडा तिच्याशेजारी बसतो. मग हा धडा पक्का करणारं औषध असेल का?

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने 2002मध्ये उंदरांवर दाखवलं, की सायक्लोसेरीनने असा धडा पक्का होतो. 2004मध्ये केरी रेसलर आणि सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्या 28 जणांना आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं. त्याआधी काहींना सायक्लोसेरीन दिलं, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. दोनच सत्रांत औषधवाल्यांची भीती जास्त उतरली. डोस रोजचा नव्हता. फक्त सत्रापुरता होता.

आशा मोठी होती, हिशेब लहान निघाला. 2017मध्ये 21 अभ्यासांतल्या 1,047 जणांची माहिती एकत्र तपासली गेली. फायदा दिसला, पण थोडाच. शिवाय सत्र संपताना भीती चढलेलीच राहिली, तर औषध तीच घट्ट करू शकतं, असंही काही अभ्यासांत आढळलं.

म्हणून मंत्रचळासाठी ही गोळी स्वतःहून कुणी घेऊ नये. कडीला हात मात्र माणसालाच लावावा लागतो, आणि त्या वेळी शेजारी जाणकार हवा. घरात कुणी तासन्‌तास हात धूत असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका. मुंबईच्या कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे 14416.