एक रेणू पाणी आणि नायलॉनची साखळी

नायलॉन म्हटले की आपल्या घरांत आधी शेव आठवते, मग साबुदाणा आणि मग कपडे वाळत घालायची दोरी. पण या शब्दामागे एका माणसाची गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर इतिहास शिकवला. तेव्हा रसायनशास्त्र मला जेवढे उमगले तेवढेच सांगते.

१९२० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगरने मांडले की रबरासारख्या पदार्थांचे रेणू म्हणजे खूप लांब साखळ्या असतात. मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते ते लहान रेणूंचे नुसते पुंजके होते. अमेरिकेतल्या वॉलेस कॅरोदर्सने ठरवले, वाद घालण्यापेक्षा एकेक कडी जोडून आपणच साखळी बांधून दाखवू. १८९६ मध्ये आयोवात जन्मलेला हा अबोल माणूस हार्वर्डमधले अध्यापन सोडून १९२८ साली ड्यूपाँट कंपनीच्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत आला.

त्याची युक्ती मला शाळेच्या मैदानावरच्या साखळीच्या खेळासारखी वाटते. दोन प्रकारचे लहान रेणू घ्यायचे. एकाच्या दोन्ही हातांत आम्लाचा गट, दुसऱ्याच्या दोन्ही हातांत अमाइनचा. आम्लाचा हात अमाइनच्या हाताला भेटला की दोघे मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि हात पक्के जुळतात. दोघांचाही एकेक हात मोकळा उरतोच, म्हणून साखळी वाढत जाते. हेच संघनन बहुवारिक.

पण खेळात मेख आहे. बाहेर पडलेले पाणी तिथेच राहिले तर जुळलेले हात पुन्हा सुटतात. दोन्ही प्रकारचे गडी अगदी सारख्या संख्येने लागतात. एखाद्याचा एकच हात मोकळा असला की त्याच्यापाशी साखळी संपते. आणि शंभरातले ९५ हात जुळले तरी साखळीत सरासरी २० कड्याच होतात. ९९ जुळले तर १००. आमच्या शाळेत ९५ टक्के म्हणजे पेढे. इथे मात्र चक्क नापास!

१९३० साली त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने पाणी कसोशीने काढून घेत एक पॉलिएस्टर बनवले. वितळलेल्या गोळ्यातून काडीने ओढला तर रेशमासारखा धागा निघाला, थंड झाल्यावर ताणला तर आणखी मजबूत झाला. पण गरम पाण्यात तो टिकेना. अखेर २८ फेब्रुवारी १९३५ रोजी सहा कार्बनचे आम्ल आणि सहा कार्बनचे अमाइन यांतून पुढे नायलॉन म्हणून गाजलेला पदार्थ तयार झाला.

कॅरोदर्सला मात्र नैराश्याचा जुना आजार होता. आपल्या हातून आता नवे काही होणार नाही, असे त्याला वाटत असे. जानेवारी १९३७ मध्ये त्याची लाडकी बहीण वारली. २९ एप्रिल १९३७ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात त्याने सायनाइड घेऊन जीवन संपवले. ४१ वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. त्याची मुलगी त्यानंतर सात महिन्यांनी जन्मली.

ऑक्टोबर १९३८ मध्ये नायलॉन जगासमोर आले. १५ मे १९४० रोजी अमेरिकेत सगळीकडे नायलॉनचे पायमोजे विक्रीला आले आणि दुकानांत झुंबड उडाली. युद्धात त्याच धाग्याची पॅराशूट झाली. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी वेगळे आम्ल वापरून टेरिलीन बनवले. त्याच घराण्यातला टेरिकॉट पुढे आपल्याकडे लग्नाकार्यात मिरवला. स्टाउडिंगरला १९५३ साली नोबेल मिळाले.

कॅरोदर्सने यातले काहीच पाहिले नाही. आजाराला असे साधे गणित लावू नये, हे मला समजते. तरी वाटते, ९९ हात जुळल्याशिवाय धागा होत नाही हा नियम रेणूंचा आहे, माणसांचा नव्हे. वर्गातली हुशार मुले पाच गुण गेले म्हणून गप्प बसत, तेव्हा त्यांना हे सांगायला हवे असते. आणि ज्या घरात एखादे माणूस असे फार गप्प झाले असेल, तिथे दुसऱ्या कुणीतरी हात पुढे करावा, वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे.

असो. दोरीवरचे कपडे वाळलेत, काढायला हवेत.