इंकस्केपमध्ये एकाच डिझाइनच्या अनेक प्रती: डुप्लिकेट, क्लोन आणि टाइल्ड क्लोन

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या महाप्रसादाची कूपनं मी इंकस्केपमध्ये बनवली होती. एका ए4 पानावर 10 कूपनं, एकूण 40 पानं. प्रिंटला देण्याच्या आदल्या रात्री निरोप आला की वेळ 12 ऐवजी 1 करा. मी एकेका कूपनावर जाऊन वेळ बदलली आणि त्यात एक राहून गेलं. प्रत्येक पानावर एक, म्हणजे 40 कूपनं चुकीची छापली गेली. ती ज्यांना मिळाली ते बिचारे 12 लाच येऊन तासभर ताटकळले. चूक माझी होती आणि ती टाळणं अगदी सोपं होतं.

इंकस्केप हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात एखाद्या ऑब्जेक्टच्या प्रती काढायचे बरेच मार्ग आहेत. कोणता कधी वापरायचा ते पाहूया.

1. डुप्लिकेट (कंट्रोल + डी)

ऑब्जेक्ट सिलेक्ट करून कंट्रोल + डी दाबा. प्रत मूळ ऑब्जेक्टच्या बरोबर वर येते, म्हणून काहीच झालं नाही असं वाटतं. सरकवलं की खालचं मूळ दिसतं. इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे कंट्रोल + डी आधीची हालचाल पुन्हा करतं, इथे तसं होत नाही. कॉपी करून कंट्रोल + व्ही केलं तर प्रत माउसच्या जागी येते. मूळ जागीच हवी असेल तर कंट्रोल + ऑल्ट + व्ही.

2. स्पेसबारचा शिक्का

ऑब्जेक्ट माउसने ओढत असताना बटण न सोडता स्पेसबार दाबा. जिथे दाबाल तिथे एक प्रत उमटते. विखुरलेली फुलं, चांदण्या, पानं यासाठी हा सगळ्यात झटपट मार्ग.

या दोन्ही प्रकारांत प्रत स्वतंत्र असते. मूळ बदललं तरी प्रत बदलत नाही. मी नेमका इथेच फसलो.

3. क्लोन (ऑल्ट + डी)

क्लोन म्हणजे मुळाशी जोडलेली प्रत. मूळ बदला, सगळे क्लोन आपोआप बदलतात. प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी सांगायचं तर डुप्लिकेट म्हणजे कोड कॉपी-पेस्ट करणं आणि क्लोन म्हणजे एकच फंक्शन दहा ठिकाणी वापरणं. एसव्हीजी फाइलमध्येही क्लोनचा आकार पुन्हा लिहिला जात नाही, ‘यूज’ नावाच्या टॅगमधून फक्त मुळाचा पत्ता दिला जातो. त्यामुळे गुंतागुंतीचं डिझाइन असेल तर फाइलही लहान राहते.

क्लोन सरकवता, फिरवता, लहान-मोठा करता येतो. पण त्यातला मजकूर वेगळा करता येत नाही. कूपनवर अनुक्रमांक हवा असेल तर तो क्लोनच्या वर वेगळा टाइप करा.

4. टाइल्ड क्लोन: पूर्ण पान एकदम

आता माझं कूपनचं उदाहरण घेऊ.

- एक कूपन तयार करा. सगळे भाग सिलेक्ट करून कंट्रोल + जी ने ग्रुप करा.
- वरच्या पट्टीत रुंदी 90 आणि उंची 50 मिमी ठेवा. बॉर्डरची जाडीही या मापात धरली जाते.
- एक्स 12.75 आणि वाय 13.5 मिमी द्या, म्हणजे शेवटी सगळं पानाच्या मधोमध येईल.
- एडिट > क्लोन > क्रिएट टाइल्ड क्लोन्स उघडा. सिमेट्रीमध्ये सिंपल ट्रान्सलेशन असू द्या.
- 5 रो आणि 2 कॉलम भरा.
- शिफ्ट टॅबमध्ये शिफ्ट एक्सच्या पर कॉलममध्ये 5 टक्के, शिफ्ट वायच्या पर रोमध्ये 10 टक्के लिहा. हे टक्के कूपनच्या मापाचे असतात, म्हणून आडवं अंतर 4.5 मिमी आणि उभं 5 मिमी पडतं.
- क्रिएट दाबा.

आता एक गंमत. पानावर 10 कूपनं दिसतात, पण ऑब्जेक्ट 11 असतात, कारण पहिला क्लोन मुळाच्या बरोबर वर बसतो. पहिल्या कूपनवर क्लिक करा, खालच्या पट्टीत ‘क्लोन’ असं दिसलं की डिलीट करा. त्याच्याखालचं मूळ मोकळं होईल. त्यावर डबल क्लिक करून ग्रुपमध्ये शिरा आणि वेळ बदला. दहाही कूपनं एकदम बदलतील.

याच खिडकीतून रांगोळीही होते. एका पाकळीवर दोनदा क्लिक करून मधली फुली पाकळीच्या टोकाला आणा. 1 रो, 12 कॉलम, शिफ्ट एक्स पर कॉलम उणे 100 टक्के, रोटेशन पर कॉलम 30 अंश. झालं फूल तयार.

हे विसरू नका

- मूळ सापडत नसेल तर कुठलाही क्लोन सिलेक्ट करून शिफ्ट + डी दाबा.
- मूळ सरकवलं की क्लोनही तेवढेच सरकतात, ही डीफॉल्ट सेटिंग आहे.
- क्लोन स्वतंत्र करायचा तर शिफ्ट + ऑल्ट + डी. पण एकदा तोडल्यावर जोड राहत नाही, म्हणून आधी फाइलची वेगळी प्रत सेव्ह करा.
- प्रेसला पीडीएफ देणार असाल तर क्लोन तोडायची गरज नाही. एसव्हीजी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा लेझर कटिंगला जाणार असेल तर तोडलेली प्रत देणं सुरक्षित. कटिंगसाठी तो अकरावा ऑब्जेक्टही काढलेला हवा, नाहीतर एकाच रेषेवर दोनदा काप जाईल.

माझा आता साधा नियम आहे. प्रती पुढे वेगवेगळ्या होणार असतील तर डुप्लिकेट, सगळ्या सारख्याच राहणार असतील तर क्लोन. गेल्या वर्षीही आदल्या रात्री वेळ बदलली. मी एकाच ठिकाणी बदल केला, पीडीएफ काढली आणि झोपायला गेलो.