मंगोलियाला जाण्यापूर्वीचे वाचन

मंडळाच्या मागच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका काकूंनी विचारले, "यंदा उन्हाळ्यात पुण्याला की नाशिकला?" मी म्हटले, "यंदा मंगोलियाला." काकूंच्या हातातला पुरीचा चिमटा तसाच राहिला. "अगं, पण तिथं खाणार काय?" मागून कोणीतरी म्हणाले, "चंगीझखान तर केव्हाच गेला, आता तिथं बघायचं काय?" रांग पुढे सरकली म्हणून उत्तर राहून गेले. ते या पानांवर देते आहे.

कुठे जायचे तर आधी वाचून जायचे, ही माझी सवय जुनी नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही काहीही न वाचता येलोस्टोनला गेलो होतो आणि गरम पाण्याचा नळ फुटल्यासारखे ते कारंजे बघून, सँडविच खाऊन परत आलो. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, आणि त्या पाण्यात काय विरघळलेले असते हे घरी आल्यावर पुस्तकात शोधत बसले! तेव्हापासून तिकिटांच्या आधी लायब्ररीचे कार्ड.

सुरुवात 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातल्या ग्रंथापासून केली. मंगोल भाषेतले हे सर्वांत जुने मोठे साहित्य. इंग्रजीत त्याची चांगली भाषांतरे आहेत. वाचायला सोपे म्हणाल तर जॅक वेदरफोर्ड यांचे २००४ साली आलेले चंगीझखानावरचे पुस्तक हातातून सुटत नाही. मात्र वेदरफोर्ड थोडे भक्तच आहेत. टपालव्यवस्था, व्यापार, सर्व धर्मांना मोकळीक हे सारे खरे, पण १२५८ साली हुलागूने बगदादचे काय केले हेही तितकेच खरे. दोन्ही एकाच घराण्याची कामे. मी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, ते बरे झाले.

त्या गुप्त इतिहासात लहानग्या तेमुजिनचे आठ घोडे चोरीला जातात. शोधात निघालेल्या त्याला वाटेत बोओर्चू नावाचा मुलगा भेटतो, ना ओळख ना देख, पण घरी न सांगता त्याच्याबरोबर निघतो आणि घोडे परत आणतो. बक्षीस घ्यायलाही तयार होत नाही. हा तेमुजिनचा पहिला 'नोकोर', म्हणजे आपले कूळ सोडून स्वखुशीने साथ देणारा जिवाचा सोबती. पुढे १२०६ साली तेमुजिन चंगीझखान झाला. मंगोल इराणात गेले, त्यांचा शब्द फारसीत गेला आणि फारसीतून आपल्याकडे आला तो 'नोकर' होऊन. वाचकहो, आपण सगळे घरदार सोडून ज्या नोकरीपायी या देशात आलो, तो शब्द मंगोल आहे. प्रवासात त्याची पत मात्र घसरली.

'दरोगा' हाही तिकडचाच. 'बहादूर' म्हणजे त्यांचा 'बातर'. त्यांच्या राजधानीचे नाव उलानबातर, 'उलान' म्हणजे लाल. थोडक्यात लाल बहादूर! हे कळल्यावर आमचे हे दोन दिवस तिला शास्त्रीनगरच म्हणत होते. आणि 'मुघल' हा शब्द तर सरळ 'मंगोल'चाच फारसी उच्चार. बाबर बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीझखानाचा वंशज. शिवचरित्र वाचताना आपण तो शब्द हजार वेळा उच्चारला, पण त्यामागे गोबीचे वाळवंट आहे असे कधी मनात आले नव्हते.

एक गोष्ट वाचताना मी थांबले. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर अचानक चाल केली, रामदेवराय यादवांना लुटले, आणि त्या लुटीच्या जोरावर दिल्लीचे तख्त बळकावले, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे शिकवले नाही ते असे की, त्याच अल्लाउद्दीनच्या दारात पुढच्या दहा वर्षांत मंगोल फौजा पुन्हा पुन्हा येऊन धडकल्या. १३०३ साली तर त्यांनी खुद्द दिल्लीला वेढा घातला. त्याने त्यांना परतवले. म्हणजे ज्याला आपण फक्त देवगिरीचा लुटारू म्हणून ओळखतो, त्यानेच ती दुसरी टोळधाडही अडवली. म्हणून देवगिरीचे दुःख कमी होत नाही. पण इतिहासाचे पुस्तक एकाच खिडकीतून बघून चालत नाही, एवढे खरे.

तलवारीखेरीज दुसरेही नाते आहे, आणि ते मला जास्त आवडले. बौद्ध धर्माबरोबर, तिबेटमार्गे, संस्कृत शब्द मंगोलियात पोचले. ग्रहांची नावे पहा: अंगारग, बुद, बार्हसबादी, सुगार, सान्चिर. आजीच्या पंचांगातले अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र आणि शनैश्चर! औषधी पाण्याच्या झऱ्याला ते 'अर्शान' म्हणतात, त्याचे मूळ आपले 'रसायन'. माझ्या विषयाचे नाव गोबीच्या पलीकडे झऱ्यातून वाहते आहे, हे कळल्यावर तिकिटे काढायला उशीर केला नाही.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. त्यांचा 'ताखी' हा रानघोडा १९६०च्या दशकाअखेर रानातून संपला. उरला तो प्राणिसंग्रहालयांत. आज जगातले सारे ताखी पकडून आणलेल्या जेमतेम डझनभर घोड्यांची प्रजा आहेत, आणि १९९२पासून त्यांना हुस्ताईच्या माळावर परत सोडण्यात आले. ब्राँक्स झूच्या मोनोरेलमधून ते दिसतात. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिले असतील आणि 'हे गाढव की घोडा' म्हणून पुढे गेले असतील. मीही गेले होते. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या तुकडीला १९२३ साली गोबीत डायनोसॉरची अंडी सापडली. घरट्यावर एका वेगळ्याच प्राण्याचा सांगाडा होता. तो अंडी चोरायला आला असणार असे ठरवून त्याचे नाव ठेवले 'ओव्हिरॅप्टर', अंडीचोर. सत्तर वर्षांनी, १९९३ साली, तशाच अंड्यात त्याच जातकुळीचे पिल्लू सापडले. बिचारा स्वतःचीच अंडी उबवत बसला होता! नाव मात्र नियमाप्रमाणे बदलता येत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. मंगोल पाहायला उलानबातरला जायची गरज नाही, ते न्यू जर्सीत आहेत, आमच्या घरापासून पाऊण तासावर, मॉनमाउथ काउंटीतल्या हॉवेल गावात. ज्या रूट नाइनवरून आपण समुद्रावर जातो त्याच्या बाजूलाच. हे काल्मिक लोक. यांचे पूर्वज पश्चिम मंगोल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते चराईच्या शोधात पश्चिमेकडे निघाले आणि थेट व्होल्गा नदीकाठी येऊन राहिले. १७७१ साली झारच्या जाचाला कंटाळून बहुसंख्य लोक परत पूर्वेला निघाले. त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठली नाही, म्हणून पश्चिम काठावरच्यांना नदी ओलांडता आली नाही आणि ते मागे राहिले. निघालेल्यांपैकी असंख्य वाटेतच मेले. एका नदीच्या बर्फाने एका समाजाचे दोन तुकडे केले.

पुढची हकिगत भराभर सांगते, कारण ती सावकाश वाचवत नाही. रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत हरलेल्या बाजूचे काल्मिक १९२०मध्ये तुर्कस्तानमार्गे युरोपात पांगले. बेलग्रेडमध्ये त्यांनी १९२९ साली बुद्धाचे मंदिर बांधले. जे मागे रशियात राहिले, त्या सगळ्यांना स्टॅलिनने २८ डिसेंबर १९४३ रोजी गुरांच्या डब्यांत घालून सैबेरियाला पाठवले. नव्वद हजारांहून अधिक माणसे, आख्खा समाज. त्यांना परतायला १९५७ उजाडले. महायुद्ध संपल्यावर युरोपातले काही शे काल्मिक बव्हेरियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत अडकले. कोणताच देश घेईना.

अमेरिका का घेईना, ते आपण नीट वाचण्यासारखे आहे. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला स्थलांतरित म्हणून येता येत नाही, असा १९२४चा कायदा होता. आणि नागरिक होण्याची मुभा 'गोऱ्यांना', आफ्रिकी वंशाच्यांना, आणि नंतर चिनी, हिंदी व फिलिपिनो लोकांना. मंगोल यांत कुठेच बसत नव्हते. तेव्हा युक्तिवाद असा झाला की, हे लोक तीनशे वर्षे युरोपात राहिले आहेत, सबब ते गोरे! १९५१ साली तो मान्य झाला. टॉलस्टॉय यांच्या मुलीने काढलेल्या टॉलस्टॉय फाउंडेशनने व चर्चच्या संस्थांनी मदत केली आणि सुमारे सहाशे काल्मिक १९५१-५२च्या हिवाळ्यापासून इथे आले. काही फिलाडेल्फियात राहिले, काही हॉवेलच्या फ्रीवुड एकर्समध्ये. वंशाची ही अट कायद्यातून गेली ती पुढच्याच वर्षी, १९५२ साली.

हे वाचून हसू येत असेल तर १९२३ आठवा. भगतसिंग थिंद यांनी सुप्रीम कोर्टात सांगितले की आपण उच्चवर्णीय आर्य, सबब गोरे. कोर्ट म्हणाले, सामान्य माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. झाले, आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीही नागरिकत्वे काढून घ्यायचा सपाटा सुरू झाला. त्यात एक आपले होते, शेनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे शंकर लक्ष्मण गोखले. त्यांचे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९२८ साली सरकारनेच माघार घेतल्यामुळे ते सुटले. आपल्याला कायद्याने दार उघडले १९४६ साली, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. थिंद यांचा युक्तिवाद मला आवडत नाही, त्यात खालच्या पायरीवरच्याला ढकलून आपण वर चढणे आहे. काल्मिकांचाही फारसा आवडत नाही. पण छावणीत सहा वर्षे काढलेल्या माणसाच्या आवडीनिवडी मी कोण ठरवणार?

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही हॉवेलच्या मंदिरात गेलो. बाहेरून साधी इमारत, आत लोण्याच्या दिव्यांचा वास. कल्मिकियात जन्मलेले, ल्हासाला शिकलेले गेशे वांग्याल १९५५ साली या वस्तीत आले आणि १९५८मध्ये त्यांनी इथे मठ काढला. अमेरिकेत तिबेटी बौद्ध विद्या शिकवणारे पुढचे कितीतरी प्राध्यापक या फ्रीवुड एकर्समध्ये घडले. आणि फिलाडेल्फियाच्या काल्मिक घरात १९७२ साली जन्मलेला एक मुलगा सातव्या वर्षी शिकायला कुठे गेला माहीत आहे? हुबळीजवळ मुंडगोडला, द्रेपुंग मठात. पुढे १९९२ साली तो काल्मिकियाचा मुख्य लामा झाला. तेलो तुल्कू हे त्यांचे नाव. युक्रेनच्या युद्धाविरुद्ध बोलल्यामुळे २०२३च्या जानेवारीत त्यांना परकीय हस्तक ठरवले गेले आणि त्यांनी पद सोडले. आपली मुले शिकायला इकडे येतात, त्यांनी आपला मुलगा बेळगावच्या वाटेवर धाडला.

चहा मिळाला. दूध, लोणी आणि मीठ घातलेला, सोबत शंकरपाळ्यासारखे तळलेले बोर्त्सोग. आमच्या मुलाने पहिला घोट घेऊन माझ्याकडे असे पाहिले की मी त्याला फसवले आहे. एक सत्तरी ओलांडलेल्या आजी शेजारी बसल्या होत्या. जन्म बव्हेरियातल्या छावणीत, इथे आल्या तेव्हा चार वर्षांच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुमचा मुलगा तुमची भाषा बोलतो का?" मी म्हटले, समजते, उत्तर इंग्रजीत देतो. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचंही असंच होतं. नातवंडांना समजतही नाही." त्यांच्या आईला काल्मिक, रशियन, सर्बियन आणि कामापुरते जर्मन येत होते. चार भाषांतून चौथ्या पिढीला एक मिळाली, तीही पाचवीच. मी मराठी शाळेत दर रविवारी फळ्यावर 'क' काढते, पण त्या दिवशी मला काही उत्तर सुचले नाही.

मग विषय बदलायला म्हणून मी विचारले, लहानपणी गोष्टी कोणत्या ऐकल्या? त्या म्हणाल्या, आजी सांगायची. एक राजपुत्र स्मशानातून एक जादूचे प्रेत पिशवीत घालून पाठीवर आणतो. वाटेत बोलायचे नाही अशी अट. प्रेत गोष्ट सांगते, राजपुत्राच्या तोंडून शब्द निघतो आणि प्रेत उडून परत जाते. मुलगा चहा विसरून ओरडला, "विक्रम-वेताळ!" आजी चकित. मी पुढे वाचले तेव्हा कळले की हे 'सिद्धी-कूर', आपली वेताळ पंचविशीच तिबेटमार्गे तिकडे पोचलेली. तेरा गोष्टींची काल्मिक प्रत १८६६ साली जर्मन भाषांतरासह छापलीही गेली. आजींना मात्र त्यातली एकच गोष्ट आठवते, आणि तिचाही शेवट आठवत नाही.

आम्ही जुलैत, नादामच्या सणाच्या आधी निघतो आहोत. खाण्याचे विचाल तर पोहे, मेतकूट आणि मसाला बरोबर आहे. घोडीच्या दुधात केसीन कमी आणि साखर जास्त, त्यामुळे त्याचे घट्ट दही लागत नाही, ते आंबून थोडे मद्यच होते. तो 'ऐराग' मी शास्त्रासाठी चाखणार आहे. परत आल्यावर मंडळात स्लाइड्स दाखवीन. जाण्यापूर्वी एक काम उरले आहे. कोणाच्या घरी, कोणाच्या आईवडिलांच्या ट्रंकेत, वेताळ पंचविशीची जुनी मराठी प्रत असेल, किंवा 'चांदोबा'चे अंक असतील, तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मराठी शाळेत आणून द्यावेत. इंग्रजीत करून हॉवेलच्या आजींना नेऊन द्यायचे आहे. प्रत जशी असेल तशी परत मिळेल.