छोट्या खोलीतला खर्ज

डग्ग्याची घुमक घरी ऐकायची तर पूर्वी कपाटाएवढा स्पीकर लागे. झोपायच्या खोलीत तो ठेवणार कुठे?

हा प्रश्न सोडवला एका शिक्षकाने! न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीचा वर्ग घेणाऱ्या एडगर विल्चर यांनी पेटी हवाबंद केली. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला परत ढकलू लागली. विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्या साथीने १९५४ मध्ये 'एआर-१' निघाला. १९५७ चा 'एआर-२' आणखी स्वस्त. पेटी लहान झाली, पण अ‍ॅम्प्लिफायरला ताकद जास्त लागू लागली. फुकट काहीच नसते.

स्पीकर घेताना मी वॉटचे आकडे पाहत नाही. ओळखीचा तबला लावतो. डग्ग्याची मींड ऐकू आली तर तो खर्ज, नुसताच धपका आला तर गोंगाट. घरी तो कोपऱ्याकडे सरकवावा. खर्ज आपोआप वाढतो.