दिनविशेष : 14 जानेवारी
हिब्रू विदुषी फ्लोरा ससून यांचे 1936 मध्ये आजच्या दिवशी लंडनमध्ये निधन झाले. जन्म मुंबईचा. मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची त्या पणती आणि सूनही. या घराण्याची नाती त्यांच्या पेढीच्या वह्यांइतकीच गुंतागुंतीची! 1894 मध्ये पती सॉलोमन वारल्यावर, पदरी तीन मुले असताना त्यांनी ती पेढी हाती घेतली. त्या काळी मुंबईत मांडवीपासून ठाकूरद्वारपर्यंत पटकी-प्लेगची धास्ती, तरी लोक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या लशीला बिचकत. फ्लोराबाईंनी आधी स्वतःला टोचून घेतले. 1901 मध्ये त्या विलायतेला गेल्या. प्रवासातही कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारच्या) मांसासाठी स्वतःचा खाटीक आणि ज्यू सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष बरोबर असत. 1924 मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजात त्यांनी तोरा-तालमूद या ज्यू धर्मग्रंथांवर व्याख्यान दिले. सत्तरी उलटल्यावर मध्ययुगीन भाष्यकार राशीवर निबंधही लिहिला.