कालश्रेणीची फेरपडताळणी : नांदेड-लातूरच्या आकडेवारीचा ऐतिहासिक विचार

नांदेड व लातूरच्या कृषिविषयक कालश्रेणीत इतिहासाने पाडलेले खंड अर्थमितीच्या अभ्यासकास सहज फसवितात. निजामकालीन अहवालांत फसली सन व हाली सिक्का आढळतो; ७ हाली रुपये म्हणजे ६ ब्रिटिश हिंदुस्थानी रुपये. १९५६ मध्ये किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेडात, तर उदगीर बीदरमधून उस्मानाबादेत आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होताच उस्मानाबादचे पीकक्षेत्र कागदावर घटले, ते काही दुष्काळाने नव्हे! हे खंड संशोधकाने कसे सांधले, हे मूळ आकडे व संगणकीय आज्ञावली यांवाचून इतरांस तपासता येत नाही. आपल्याकडे मात्र बहुधा निष्कर्षांच्या छापील तक्त्यावरच भागते. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९६६ च्या सीमांनुसार जुळविलेले जिल्हानिहाय आकडे अभ्यासकांना खुले केले आहेत. त्यात लातूर शोधू जाता तो उस्मानाबादमध्येच सामावलेला आढळतो.